सुरुवातीची तीस सेकंदं

मलकापूरचा जुना स्टुडिओ उद्या पाडणार होते. बातम्या, जाहिराती, निवडणुकीची भाषणं, सगळं तिथंच रेकॉर्ड झालेलं. इंद्रभाननं तीस वर्षं तिथलं यंत्र सांभाळलं होतं. वारलेली त्याची बायको अन्नपूर्णा तिथं भीमगीतं गायची.

"आईचं एक तरी गाणं असंन ना, बाबा?" लेक सारिकानं विचारलं.

"टेपा कमी पडत. जुनं पुसून नवं भरत होतो."

"आईचंबी?"

"मीच पुसलं. मले वाटलं, घरी तं रोजच गाते."

पण एक रीत होती. गाण्याआधी तीस सेकंद खोलीची शांतता भरायची. खोली तीच, शांतताही तीच, म्हणून टेपवर नवं भरताना तेवढा भाग कोणी पुसत नसे.

त्यानं अन्नपूर्णाच्या गाण्याची जुनी टेप लावली.

पहिलं सेकंद. नुसती खोली.

नववं. बांगड्या किणकिणल्या. यावरून तो काचेआडून तिला दटावायचा.

तिसावं. तिनं गाण्यासाठी श्वास घेतला.

एकतिसावं. साबणाची जाहिरात.

"अजून एकदा लावा, बाबा."

त्यानं टेप मागं नेली. या खेपेला मात्र श्वास ऐकू येताच बटण दाबून ती थांबवली, आणि बराच वेळ बोट उचललं नाही.