उजव्या मोज्याचा पांढरा पट्टा

शनिवारी टेनिस क्लबच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भोपळ्याच्या स्कोन्सची, त्या छोट्या गोडसर पावांची, ताटं तशीच पडली होती आणि अख्खं मुलगारा गाव हात लावून दुखणी बरी करणाऱ्या क्लेम पर्डी नावाच्या बाबाभोवती लोटलं होतं. समोर खुर्चीत ग्लेनिसची सोळा वर्षांची लेक टॅमसिन.

"पाठ दुखते? दुखणारच, पोरी! डावा पाय आखूड आहे तुझा." पर्डीने तिच्या दोन्ही टाचा तळहातांवर तोलल्या. खरंच, डावा बूट बोटभर मागे होता. "वाढ बाळा, वाढ! बघा, हाड जागं झालं!"

बघता बघता बूट बरोबरीला आले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सर्व्हिससाठी कंबर मागे वाकवून वाकवून मणक्याच्या हाडाला चीर गेलीय, तीन महिने रॅकेट बंद. पण आज जिल्ह्याची फायनल होती आणि राज्याच्या संघासाठी निवड करणारे आले होते. चमत्कार ग्लेनिसलाही हवाच होता.

"आई, अजिबात दुखत नाही गं!" टॅमसिन कोर्टाकडे पळाली.

ग्लेनिस मात्र जागची हलली नाही. वारुळाची लाल माती कुटून केलेली ती कोर्टं. मोजे कितीही घासा, बुटाबाहेर लालच राहतात, आत तेवढे पांढरे. मघाशी उजव्या बुटाच्या काठाशी तिला पांढरा पट्टा दिसला होता. मग तो गेला. वाढला डावा पाय, तर पट्टा उजव्याचा कसा गेला?

"अहो पर्डी! उजवा बूट टाचेतून ओढलात आणि हळूच परत आत ढकललात! बूट काढून दाखवा ना करून!"

"शंका आली की शक्ती जाते, बाई."

"ग्लेनिस, गप की जरा," कंबर धरून उभी असलेली बेव्ह करवादली. ती क्लबची अध्यक्ष. "पोरगी बरी झाली ते बघवत नाही का तुला?"

ग्लेनिस धावत कोर्टाच्या जाळीपाशी गेली. "टॅम, थांब!"

टॅमसिनने चेंडू उडवला होता. कंबर मागे वाकली, आणि ती किंचाळून खाली कोसळली.

लाल मातीत बसून ग्लेनिसने लेकीचे बूट काढले. दोन्ही पाय तंतोतंत सारखे होते.

"आई, मी पुन्हा खेळेन ना?"

ग्लेनिसने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग तिने मान वळवली. ओसरीवर खुर्ची पुन्हा भरली होती. बेव्हने बुटासकट पाय पर्डीच्या हातात दिले होते.

"अगं, निदान बूट तरी काढ!" ग्लेनिस ओरडली. "आधी बूट काढा रे, मग काय ते माना!"

कोणीच काढले नाहीत.