पहिला पिंजरा

टीव्हीवर मी आमच्याकडच्या पाल्याच्या चहाचं, 'माते'चं, उदाहरण दिलं, तिथेच चुकलो.

"उकळतं नाही, बेताचं गरम पाणी ओतलं की मातेचा पाला कसा रस सोडतो? तसंच. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, त्यांच्या पोटात औषध. ते कॅन्सरच्या गाठीत सोडायचे आणि वरून प्रकाश टाकायचा. कण तापतात, गाठ शेकून निघते आणि औषध तिथल्या तिथे सुटतं."

अख्ख्या रोसारिओ शहराला समजलं. अकरा वर्षांत माझे शोधनिबंध एवढ्या लोकांना कधी समजले नव्हते. हे सगळं फक्त उंदरांवर झालंय, हे वाक्य तेवढं वाहिनीने वेळेअभावी कापलं. मी तक्रार केली नाही. पडद्यावर बरा दिसत होतो.

प्रयोगशाळेत उंदरांचं सगळं आमच्या मदतनीस ग्लादिसबाई बघायच्या. पिंजरे चार. पहिल्याला काहीच द्यायचं नाही, दुसऱ्याला नुसतं औषध, तिसऱ्याला नुसता शेक, चौथ्याला दोन्ही. चौथ्यातल्या गाठी पंधरवड्यात विरघळायच्या. फुटबॉलमध्ये बाई कट्टर सेंट्रलवाल्या. चौथ्यातल्या उंदरांना सेंट्रलच्या खेळाडूंची नावं, पहिल्यातल्यांना शहरातल्याच हाडवैरी संघाच्या, न्यूएल्सच्या. शास्त्रीय निःपक्षपातीपणा त्यांना मान्य नव्हता.

टीव्हीनंतर दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात माझ्या हातात माते देत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, माणसांवर कधी?"

"दोन वर्षं."

"नक्की?"

"फार तर अडीच."

अकरा वर्षं मी दोनच सांगत आलोय. या बाबतीत माझ्यात सातत्य आहे. कोणासाठी विचारताय, हे मात्र मी विचारलं नाही. मला बैठकीला जायचं होतं.

हे एप्रिलमधलं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मुलीचा, मीर्ताचा, फोन आला तेव्हा कळलं. एप्रिलमध्येच बाईंच्या छातीत गाठ सापडली होती, शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली होती. बाई गेल्याच नाहीत.

इस्पितळात मी विचारलं, "का टाळलंत हो?"

"उगीच कशाला कापून घ्यायचं? दोन वर्षं कशीतरी काढू म्हटलं. चौथा पिंजरा मी या डोळ्यांनी बघितलाय."

"बाई, उंदराची गाठ हरभऱ्याएवढी. तीही कातडीला लागून. प्रकाश त्याहून फार आत जातच नाही. माणसाला..."

"हे टीव्हीवर नाही बोललात."

"नाही."

मीर्ता आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. गाठ आता यकृतात पोचली होती, कापण्यात अर्थ उरला नव्हता. सकाळीच तिथल्या डॉक्टरांनी बाईंना हे सांगितलं होतं.

ग्लादिसबाई बोटांवर महिने मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे सहा महिने मी पहिल्या पिंजऱ्यात होते."



"जन्मभर सेंट्रलची," त्या म्हणाल्या, "आणि शेवटी न्यूएल्समध्ये."

त्या हसल्या, मग खोकल्या. मीर्ताने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती हसली नव्हती.