मिस जॅकलीनची सुट्टी

सकाळी सव्वाआठला अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत गारा पडल्या आणि साडेआठला जॅकलीनची शाळा बंद झाली. ती गारांनी बंद केली असती तर एकवेळ चाललं असतं. बंद केली पोटच्या पोरीने.

शाळा म्हणजे हॉलमधलं जेवणाचं टेबल. विद्यार्थिनी एकच, इसाबेल, वय वर्षं नऊ. मागच्या वर्षी वाचन कच्चं म्हणून तिला पुन्हा तिसरीतच बसवायचं शाळेने ठरवलं, तेव्हा जॅकलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधली नोकरी सोडली, अमेरिकेतला एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला आणि मुलीला घरीच शिकवायला बसली. तुला झेपेल का, असं तिच्या नवऱ्याने, विलीने, एकदाच विचारलं. पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.

घरची शाळा म्हणून ढिलाई नको, असा तिचा हट्ट होता. आठ ते एक या वेळात मुलीने तिला मम्मी म्हणायचं नाही, 'मिस' म्हणायचं. बोलायचं ते हात वर करून आणि पाणी प्यायचं तेही विचारून. विलीला याचं हसू यायचं, पण कुठे हसू नये हे त्याला कळत होतं. तो लिफ्टमध्ये जाऊन हसायचा.

आज गुरुवार होता. सोमवारी नव्या शाळेत वाचनाची परीक्षा होती. पास झाली तर इसाबेल चौथीत, नाहीतर पुन्हा तिसरीत, आणि जॅकलीनचं अख्खं वर्ष पाण्यात. वसईला सासूबाई आणि इथे चर्चमधल्या बायका निकालाकडे डोळे लावून बसल्या होत्या ते वेगळंच. वाचनाचे चार धडे अजून राहिले होते आणि आज दोन उरकायचेच असं तिने ठरवलं होतं.

आदल्या दिवशी फोनवर वादळाचा इशारा आला होता. शाळा ऑनलाइन, बाहेर पडू नका. विली ड्यूटीवर अबुधाबी शहरातच अडकला होता. बरंच झालं, घरात लुडबुड नाही, असं म्हणत जॅकलीन चहा गाळत होती, आणि तेवढ्यात घात झाला.

त्या अभ्यासक्रमाला रोज सकाळी एक प्रश्न विचारायची खोड होती. बाहेर जमीन पांढरी दिसते का? अकरा महिने इसाबेल 'नाही' दाबत आली होती. आज तिने बाल्कनीतून खाली पाहिलं. पार्किंगमध्ये गारांचा थर साचला होता, गाड्यांची टपंसुद्धा पांढरी झाली होती. तिने 'हो' दाबलं. आसपासच्या शाळा बंद आहेत का? 'हो'. झालं. स्क्रीनवर एक बर्फाचा माणूस आला, त्याने टोपी काढून सलाम केला, आणि दिवसभराच्या सगळ्या धड्यांना कुलूप लागलं. आज स्नो डे, म्हणजे बर्फाची सुट्टी, घरच्यांबरोबर मजा करा.

जॅकलीनने लॅपटॉप बंद करून चालू केला. तारीख बदलून पाहिली. मदतीच्या चॅटवर लिहिलं की इथे वाळवंट आहे, कृपा करून धडे उघडा. अमेरिकेत रात्र होती. यंत्राने उत्तर दिलं, उबदार राहा. तिने तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. मग विलीला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "आज खलास, जॅकी. सोड तिला एक दिवस." तिने फोन कट केला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती इसाबेलसमोर जाऊन उभी राहिली आणि असं खोटं का दाबलंस म्हणून विचारलं.

"पण खाली व्हाइट आहे, मम्मी."

"मिस," जॅकलीन म्हणाली.

"स्कूल इज क्लोज्ड," इसाबेल म्हणाली. "सो मिस वेंट होम, नो?"

मग मात्र जॅकलीनचा तोल गेला. नोकरी, सोमवार, अकरा महिने, लोक काय म्हणतील, सगळं एका दमात बाहेर पडलं. मुलगी रडली नाही. ती आत गेली. रुसली असेल, असं म्हणत जॅकलीन सोफ्यावर धप्पकन बसली. डोकं ठणकत होतं.

इसाबेल परत आली ती गोष्टींचं पुस्तक घेऊन. आईच्या काखेत शिरून बसली आणि म्हणाली, "कॅन आय रीड टू यू? मिस गेट्स अँग्री व्हेन आय एम स्लो."

आणि वाचायला लागली. हळू, फार हळू. दुसऱ्या ओळीत एका शब्दाला अडली. तो शब्द जॅकलीनच्या ओठांवर आला होता. रोज ती असा शब्द स्वतःच सांगून टाकायची, वर टेबलावर पेन आपटायची. आज तिने दात ओठात रुतवले. इसाबेलने श्वास घेतला, ओळ पहिल्यापासून धरली आणि शब्द आपला आपण पार केला. पुढच्या ओळीत आणखी एक. दीड पान झालं.

अकरा महिन्यांत हे एकदाही झालं नव्हतं. जॅकलीनला आनंद व्हायला हवा होता, पण तिला स्वतःचाच राग आला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून विलीकडे रोज रडगाणं गायचं, आणि घडा आपल्याच हाताने पालथा धरला होता.

इसाबेलने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"मंडेला टेस्टला माझ्याबरोबर कोण येणार?"

"मीच येणार ना," जॅकलीन म्हणाली.

"यू? ऑर मिस?"

जॅकलीनने खरं उत्तर शोधून पाहिलं. सोमवारी त्या शाळेच्या दारात आपल्या तोंडून कोण बोलेल, मम्मी की मिस, याची तिची तिलाच खात्री नव्हती.