धाकटीच्या खोलीची भिंत

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो. विटांची नव्हे, जिप्सम बोर्डाची. दोन्ही बाजूंना जाड कागद आणि मध्ये पांढरा गाभा. एका हॉलच्या दोन खोल्या करण्यासाठी सुताराने मला उभे केले. अलीकडे थोरली जाऊ, पलीकडे धाकटी.

ही हकिगत एकोणीसशे सत्त्याण्णव सालची. धाकटीने तिच्या बाजूचा जुना वॉलपेपर काढायला घेतला. तो पाण्याने भिजवायचा असतो. तिने कोरडाच ओढला. त्याबरोबर माझा कागदही सोलून निघाला.

थोरलीच्या नवऱ्याने, म्हणजे धाकटीच्या थोरल्या दिरांनी, मला टिचकी मारली. "पुठ्ठाच हा. रविवारी पाडू, पुन्हा ऐसपैस हॉल होईल."

धाकटीचा चेहरा उतरला. दार लावून बसता येईल अशी तिची तेवढीच जागा होती.

"तोंड पाडून काय बसलीस?" थोरली म्हणाली. "चल, भिंतीत भरायला लांबी आणू."

दुकानदाराने विचारले, "लांबी किती देऊ?"

"चौदा फूट," धाकटी म्हणाली.

"अगं, भिंतीची नाही, पुट्टीची विचारतोय तो!" थोरली हसून हसून खाली बसली. दुकानदार प्रायमरबद्दलही सांगत होता, पण हसण्याच्या भरात कोणी ऐकलेच नाही.

दोघींनी सोललेल्या कागदावर थेट ओली लांबी फासली. कागद पाणी प्यायला आणि फुगला. सकाळी माझ्या अंगभर फोड.

"जाऊबाई, हिला कांजिण्या झाल्या," धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

"मग औषध नीट विचारून ये."

या वेळी तिने कान देऊन ऐकले. फोड कापले, सुटा कागद काढला, प्रायमर लावून पूर्ण वाळू दिला. मग लांबीचे पातळ हात दिले आणि पॉलिश पेपरने घासले. थोरली दिवा तिरका धरून खळगे दाखवत होती.

रविवारी दीर हातोडा घेऊन आले. त्यांनी माझ्यावरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला.

"कुठे फाटली होती?"

"तुम्हीच शोधा, भाऊजी."

ते हातोडा घेऊन परत गेले. मित्रांनो, त्या दिवसाइतकी ताठ मी कधीच उभी राहिले नव्हते.

आता दीर हयात नाहीत. शेवटपर्यंत ते पाहुण्यांना मला हात लावून बघायला सांगत. धाकटी दुसऱ्या गावी नव्या घरात गेली. थोरली इथेच राहते. पलीकडची खोली तिने धाकटीसाठी झाडून-पुसून ठेवली आहे.

तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिच्यावरचा वॉलपेपर भिजवून, सावकाश काढा. तिचा स्वतःचा कागद फाटलाच तर पाडायची घाई करू नका.

धाकटी आली की दुपारी दोघी आपापल्या खोलीत आडव्या होतात आणि माझ्या आरपार गप्पा मारतात. विटांच्या भिंतीला हे जमणार नाही.