उभी राहिली की तापते

माझ्या गॅरेजात कुणी गाडी घेऊन आलं की मी आधी प्रश्न विचारतो, बॉनेट नंतर उघडतो. निम्मा आजार मालकाच्या तोंडूनच कळतो. पण त्या दिवशी गाडी घेऊन माझी आईच आली होती, आणि तिला काही विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

गाडी बाबांची. ते गेल्यापासून ती आई चालवते आणि मी सांभाळतो. तिच्या एकाही स्क्रूला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. घरात आम्ही दोघंच. माझं लग्न जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझं त्यावाचून काही अडलंही नाही. संध्याकाळी घरी जायचं, गरम जेवायचं, दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करून आईला हसवायचं, बस. पण अलीकडे घरी गेलो की ताट झाकलेलं आणि आई वाचनालयात. एवढं काय वाचत होती कुणास ठाऊक.

"तापते रे," आई म्हणाली. "काटा पार लाल रेषेला टेकतो."

"चढावर?"

"नाही."

"लांब गेल्यावर?"

"छे! चालताना अगदी शहाण्यासारखी असते. उभी राहिली की तापते."

"सिग्नलला?"

"सिग्नलला तेवढ्यात काय तापतेय? जरा जास्त वेळ उभी राहिली की. मग एसीपण गरम हवा मारतो."

आता गाडी चालू ठेवून, एसी लावून, जास्त वेळ उभी कोण करतं? एकटं माणूस करत नाही. एकटं माणूस पोचतं, गाडी बंद करतं आणि उतरून कामाला लागतं.

मी बॉनेट उघडलं. पाणी काठोकाठ होतं, गळती कुठेच नव्हती. मग पाणी मुरतंय कुठे, ते दिसलं. रेडिएटरच्या वरच्या पाइपाची क्लिप नवी होती. मी क्लिप बसवतो तेव्हा तिचा स्क्रू वरच्या अंगाला ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी हात सहज पोचतो. हिचा स्क्रू खाली वळवलेला होता, नजरेला खुपू नये असा, आणि क्लिप पुसून लख्ख केलेली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी केलं?"

"त्यांनी."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

"अरे, चौकातले घड्याळवाले. पाणी ठिबकत होतं, तेवढं थांबवलं त्यांनी. म्हणाले, पुढचं तुमचा मुलगाच बघेल, त्याच्या कामात मी हात घालायचा नाही."

हात घालायचा नाही म्हणे! घालून झाला होता की. डोळ्याला भिंग लावून दिवसभर काउंटरमागे बसणारा माणूस, बायको जाऊनही शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. ती इस्त्री कुणासाठी होती ते आता कळलं.

"आणि गाडी उभी असते कुठे?"

"तळ्याकाठी." तिच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. "दुकान बंद केलं की ते येतात. बसतो जरा, बोलतो, गाणी ऐकतो. तो बंद पडलेला टेपसुद्धा त्यांनी चालू केला."

"तो मी करणार होतो."

"किती वर्षं करणार होतास?" असं म्हणून ती हसली.

"मला तर वाचनालय सांगायचीस."

"तिथेही जाते. पुस्तक बदलायला."

माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते कशानं दुखतंय हे मला चांगलं कळत होतं. हल्ली माझ्या नकलांना आई हसत नव्हती. कुठून हसणार? तिकडे पोटभर हसून येत होती.

तिला बाकावर बसवलं आणि इंजिन चालू ठेवलं. काटा सावकाश वर चढला, पण रेडिएटरचा पंखा ढिम्म. एसी लावला, तरी ढिम्म. बॅटरीवरून पंख्याला थेट वायर दिली, तर गरगर फिरला. म्हणजे पंखा ठणठणीत, त्याला करंट देणारा रिले गेला होता. काड्यापेटीपेक्षा लहान डबी. उपसून कानाशी हलवली, तर आत खुळखुळली. गाडी पळते तेव्हा वाराच इंजिनाला सांभाळून घेतो. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर.

तसला नवा रिले माझ्या ड्रॉवरमध्ये होता. हातात घेतला. हा बसवला की उद्या तळ्याकाठी पंखा फिरणार, एसी गार हवा देणार, आणि ती दोघं निवांत गाणी ऐकत बसणार. माझ्या कृपेनं! मी तो परत ठेवला, ड्रॉवर लावला, जळकाच पुन्हा जागेवर दाबून बसवला आणि हात पुसले.

"काय झालं होतं रे?"

"म्हातारपण," मी म्हणालो. "त्याला औषध नाही. चालवायची, पोचायचं, बंद करायची. उभी करून चालू ठेवलीस तर इंजिनच जाईल."

"काहीच करता येणार नाही?"

"नाही."

आईचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग तिनं पर्स उचलली.

"एका परीनं बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली. "मग त्यांना घरीच बोलावते."

"घरी?"

"नाहीतर कुठे? ते केव्हाचे म्हणतायत, चोरासारखं गाडीत काय बसायचं. मीच नको म्हणत होते. म्हटलं, बाबांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं तुला बघवायचं नाही. तुझ्या डोळ्यांसमोर नको, म्हणून तळ्याकाठी. पण आता या वयात बंद गाडीत उकडून घ्यायचं का? उद्यापासून रोज संध्याकाळी येतील. तुझीही सोय होईल, गार जेवायला नको. तिघं एकदमच बसू."

"थांब," मी म्हणालो. "पुन्हा एकदा बघतो. कधीकधी एखादी बारीकशी वस्तू..."

"राहू दे रे, उगाच शिणू नकोस." ती गाडीत बसली, काच खाली केली आणि माझ्या गालाला लागलेलं ग्रीस पदरानं पुसलं. "मी त्यांना सांगूनच आलेय, गाडीच्या बाबतीत माझा मुलगा कधी खोटं बोलत नाही."