लव्हॉनने ओतलेलं शिसं

आर्विड ऑस्गार्डच्या हातातून वितळलेल्या शिशाची पळी निसटली ती मार्चमध्ये. शिसं शेडच्या फरशीवर सांडलं, चार थेंब बुटावर उडाले आणि चामडं जळाल्याचा वास सुटला. धडपड ऐकून लव्हॉन स्वयंपाकघरातून धावत आली. तिने आधी शेगडी बंद केली, मग नवऱ्याचा बूट उतरवून पाऊल नीट बघितलं, आणि मगच तोंड उघडलं.

"आता बास, आर्विड."

"पळी घसरली."

"पळी नाही घसरली. हात कापतो तुझा. गेली दोन वर्षं कापतोय. मला दिसत नाही असं वाटतं का तुला?"

मॉन्टानातल्या त्या खोऱ्यात बंदूक घरोघरी होती, पण आपल्या बंदुकीची गोळी आपण ओतणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत आर्विडचं नाव पहिलं घेतलं जायचं. दुकानातली गोळी आणणं त्याच्या लेखी घरी चूल पेटलेली असताना खानावळीत जेवायला जाण्यासारखं होतं. दर जूनला नदीपलीकडच्या माळावर या मंडळींची स्पर्धा भरायची. अट एकच, गोळी घरी ओतलेली हवी. मेजाशी बसायचं, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची आणि दोनशे यार्डांवरच्या कागदावर नेम धरायचा. ज्याची भोकं एकमेकांना सगळ्यात जवळ, तो जिंकला. आर्विड कितीतरी वर्षं जिंकत आला होता. मागच्या दोन खेपांना मात्र तो पार शेपटाला गेला. हात गेले, असं तो स्वतःच सांगत सुटला, आणि लोकांनी मान डोलावली.

पळी पडल्यावर त्याने शेडकडे पाठच फिरवली. खिडकीशी बसून बर्फ वितळताना बघायचा. एका सकाळी लव्हॉन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली ती त्याचा चामडी एप्रन बांधून, डोळ्यांवर चष्मा चढवून, हातात त्याचे जाड मोजे घेऊन.

"ऊठ. तू सांग, मी ओतते."

"तुला नाही जमायचं."

"शाळेतल्या तीनशे पोरांचा रस्सा रोज ढवळलाय मी."

"हा रस्सा नाही, लव्हॉन. यात पाण्याचा एक थेंब पडला तर सगळं भांडं तोंडावर उडेल."

"मग पहिला धडा झाला. ऊठ."

शेडची दोन्ही दारं सताड उघडून तिने बिडाचं भांडं तापवलं. पहिल्या गोळ्या वाळलेल्या जर्दाळूसारख्या सुरकुतलेल्या निघाल्या. साचा थंड आहे, आर्विड म्हणाला. तिने साचा तापवला, तर गोळ्यांवर पिठूळ पांढुरकी झाक आली. आता जास्त तापला, तो म्हणाला. तिने दोन्ही ढीग पुन्हा भांड्यात ढकलले आणि नव्याने सुरुवात केली. चूक झाली की कपाळाला हात लावायची तिला सवयच नव्हती. बिघडलेलं परत वितळतं, ही गोष्ट तिला या कामात सगळ्यात आधी आवडली.

निव्वळ शिसं फार मऊ. त्यात थोडं कथील घातलं तर ते साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं, आणि अँटिमनी नावाचा कडक धातू असेल तर गोळी कणखर होते. गावातलं वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा तिथल्या छपाईच्या धातूच्या ओळी आर्विडने डबे भरून आणल्या होत्या. त्यांत दोन्ही असायचं. लव्हॉन एकेक ओळ उजेडात धरून उलटी अक्षरं वाचायची. "हे बघ, इथे कुणाचं तरी लग्न आहे," म्हणायची, आणि अलगद भांड्यात सोडायची. वर मेणाचा तुकडा टाकून ढवळलं की मळी वर यायची, आणि ती काढली की खाली आरसा.

मेमध्ये शिसं कमी पडू लागलं. टायरच्या दुकानवाल्या क्लेटनने गाड्यांच्या चाकांना लावतात त्या जुन्या वजनांची बादली पाठवून दिली. अलीकडे त्यांत जस्ताचीही वजनं येतात. ती चुकून वितळली तर सगळा घाणा नासतो. आर्विड एकेक वजन पकडीत चिमटून बघायचा. मऊ ते शिसं, कडक ते जस्त.

लव्हॉनने पकड घेतलीच नाही. तिने एक वजन फरशीवर टाकलं. मग दुसरं. मग मूठभर.

"काय चाललंय?" आर्विडने विचारलं.

"हे वाजतं बघ. शिसं थप्प पडतं. जस्त टणकन."

"काय म्हणालीस?"

"तेच तर म्हणतेय. तुला हे ऐकूच येत नसणार. पन्नास वर्षं बंदुकीशेजारी कान ठेवलास."

आर्विडने पकड खाली ठेवली. "चिमटून बघताना काही जस्त सुटलं असणार," तो म्हणाला, "माझ्या जुन्या विटा आण."

मागच्या तीन वर्षांत अशाच चाकांच्या वजनांतून वितळवून ठेवलेल्या शिशाच्या विटा फळीवर रचलेल्या होत्या. त्यांतल्या दोन लव्हॉनने वेगळ्या भांड्यात वितळवल्या. वर ओटच्या लापशीसारखा गुठळ्यांचा थर आला, जस्त शिरल्याची खूण. मेण घालून, ढवळून, आच वाढवूनही तो जाईना. त्यातून ओतलेल्या गोळ्यांची बुडं कडेला गोलसर राहिली. तिने त्या तराजूवर टाकल्या, तर दोन गोळ्यांची वजनं एकमेकींशी जुळेनात. शेजारी तिच्या शिशाच्या गोळ्या होत्या. बुडाची कड सुरीने कापल्यासारखी, आणि वजन सगळ्यांचं सारखं.

आर्विड कितीतरी वेळ एक वाईट आणि एक चांगली गोळी तळहातावर घेऊन बसला. बूड वाकडं असलेली गोळी सरळ जात नाही, हे त्यानेच तर पोरसवदा मंडळींना शिकवलं होतं.

"दोन वर्षं मी हातांना शिव्या देत होतो," तो शेवटी म्हणाला.

"हातही कापतातच," लव्हॉन म्हणाली. "पण पिशवीवर टेकवलेल्या बंदुकीला त्याचं काय?"

जूनमध्ये ते माळावर गेले. आर्विडने मेजाशी बसून बंदूक पिशव्यांत दाबून बसवली. बोट चापाशी गेलं तसं थरथरलं. तो थांबला, श्वास सोडला, थरथर ओसरण्याची वाट बघितली आणि दोन लाटांच्या मधल्या शांततेत चाप ओढला. असं प्रत्येक वेळी. त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. कागद आणला तेव्हा त्याची सगळी भोकं कॉफीच्या कपाच्या बुडाखाली झाकली गेली असती. नंबर तिसरा आला. क्लेटन पहिला आला, पण आपलं बक्षीस टेबलावर तसंच सोडून तो आर्विडच्या डब्यातल्या गोळ्या उलटसुलट करून बघत बसला.

"म्हाताऱ्या, असली बुडं तुझी कधीच नव्हती. कुणी ओतल्या?"

"बायकोने," आर्विड म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, अख्ख्या माळाला ऐकू गेला.

मग मेजाभोवती घोळका जमला. जस्त कसं ओळखतेस, साचा किती तापवतेस, विचारणाऱ्यांनी तिला बटाट्याचं सॅलड धड खाऊ दिलं नाही. लव्हॉनने सगळ्यांना सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. "पुढच्या वर्षी तूच बस नेम धरायला," क्लेटन तिला म्हणाला.

"मला नाही त्यात रस."

"मग एवढा खटाटोप?"

"साचा उघडला की आत चकचकीत गोळी बसलेली असते ना," ती म्हणाली, "ते बघायला."

परतताना गाडी तीच चालवत होती. बाजूला बसलेला आर्विड तिच्या हातांकडे बघत होता. मनगटाशी भाजल्याचे बारके डाग होते, नखांच्या कडा काळवंडलेल्या होत्या. सत्तेचाळीस वर्षं हे हात आपल्या ताटात वाढत आले आणि आपण ते नीट पाहिलेही नव्हते, असं त्याला वाटलं. बोलायला मात्र त्याला भलतंच सुचलं.

"उद्या त्या नासलेल्या विटांचं काय करायचं?"

"मासे पकडायच्या गळांना वजनं ओतू," लव्हॉन म्हणाली. "माशाला काय कळतंय, बूड गोल आहे का चौकोनी."

आर्विड हसला आणि घर येण्याआधीच तसाच हसऱ्या तोंडाने झोपी गेला.