दप्तराचं बक्कल

महादेवप्पा हेडसरांनी चौथीतल्या शिवकन्येला दंडाला धरून आणलं आणि दामिनीच्या खुर्चीवर बसवलं. शिवकन्या वर्गात पहिली येणारी पोर. विशेष मुलांच्या खोलीत आज आपल्याला बसायला मिळतंय, म्हणून ती भलतीच खूश दिसत होती.

“सर, हे बरं दिसतं का?” विशेष शिक्षिका गीतांजलीनं विचारलं.

“मॅडम, नांदेडहून साहेब प्रगती पाहायला येऊन राहिलेत. दामिनी त्यांच्यापुढं गप बसली, तर तुमची पुढच्या वर्षाची ऑर्डर बी गप बसंल. मंग काय, लाटा पापड घरी!”

गीतांजली काही बोलली नाही. हो म्हणायची ही एक रीत आहे, आणि कंत्राटी माणसाला ती लवकर साधते.

खरी दामिनी खिचडीच्या खोलीत, स्वयंपाक करणाऱ्या गुणाबाईजवळ ठेवली होती, मोठ्या पातेल्याच्या आड. दहा वर्षांची दामिनी क्वचितच बोलायची. दिवाळीपासून गीतांजली तिला एकच गोष्ट शिकवत होती: दप्तराचं बक्कल लावणं. शिकवायची रीत उलटी होती. झाकण ओढायचं, पट्टा ओवायचा, सगळं मॅडमनी करायचं, शेवटचं दाबणं तेवढं पोरीसाठी ठेवायचं आणि म्हणायचं, “आता तू.” म्हणजे काम पुरं होतं ते पोरीच्याच हातून. मग हळूहळू एकेक पायरी तिच्याकडं सोडायची. संक्रांतीनंतर एका दुपारी दामिनीनं सगळं एकटीनं केलं, तेव्हा गीतांजली दार लोटून रडली होती. याला प्रगती म्हणतात की नाही, हे विचारायचं धाडस तिला अजून झालं नव्हतं.

साहेब आले. शिवकन्येनं बाराचा पाढा म्हटला. मग कोणी न विचारता जिल्ह्यातले तालुके सांगितले. भरात बिलोली दोनदा सांगितलं. साहेबांचा चेहरा खुलला.

“वा! पोरगी तर एकदम नॉर्मल झाली.” त्यांनी सोबतच्या कारकुनाकडं पाहिलं. “लिहून घ्या. या शाळेला विशेष शिक्षकाची आता गरज नाही.”

महादेवप्पांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

“साहेब, चहा घेऊ,” ते कसेबसे म्हणाले. मंडळी ऑफिसात गेली.

गीतांजली खिचडीच्या खोलीत आली आणि आपली पिशवी भरू लागली.

“काय झालं ओ मॅडम?” गुणाबाईनं विचारलं.

“काही न्हाई. काम लई चांगलं झालं म्हणून काढून राहिलेत मला.”

पिशवीला दप्तरासारखंच बक्कल होतं. सरावासाठी मुद्दाम तसली घेतलेली. पण आज तिला पट्टा काही केल्या ओवेना.

दामिनी पातेल्याआडून उठली. तिनं पिशवी ओढून घेतली. झाकण ओढलं. पट्टा ओवला. अंगठा बक्कलावर नेला आणि तिथंच थांबली. मग हात मागं घेतला.

“आता तू.”

“अगं, मॅडमला तू म्हणती व्हय?” गुणाबाई ओरडली.

गीतांजलीनं दाबलं. टक्.

मग ती उठली, पिशवी काखेत मारली, दामिनीचा हात धरला आणि व्हरांडा ओलांडून ऑफिसाच्या दारात उभी राहिली. साहेब बशीत फुंकर घालत होते. दोघींना बघून महादेवप्पांनी डोळे मिटले.

“साहेब,” गीतांजली म्हणाली, “दामिनी ही.”

तिनं बक्कल उघडलं आणि पिशवी टेबलावर ठेवली.